पडदा कोणी फिरवायचा?



आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे झाले ते कारखान्याच्या दारात आणि नगरवाचनालयात. असा माणूस संगणकाच्या पडद्यावर काय बोलणार, असे आपणांस वाटले असेल. पण यंत्र आणि माणूस यांत शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न आमच्या रोजच्या कामाचाच आहे.

गेल्या वर्षी संघटनेच्या कचेरीत दुमडणारा लॅपटॉप आला. बिजागरीवर पूर्ण मागे वळवला की त्याची पाटी होते. पगारकराराचा मसुदा त्यावर काढून आम्ही एका जुन्या कामगारापुढे टेबलावर ठेवला. वाचता वाचता त्याने तो जरा उचलला, तोच पान उलटे झाले. सरळ केले, पुन्हा उलटे. अखेर तो म्हणाला, "राहू द्या भाऊ, तुम्ही म्हणाल तिथे सही करतो." वाचल्यावाचून सही करू नका, हे सांगण्यात आमची तीस वर्षे गेली, ते शब्द आम्हांला फार लागले.

हे घडते कसे? पडद्यात एक्सेलरोमीटर नावाचा बारीक मापक असतो. पृथ्वीची ओढ कोणीकडे आहे, त्यावरून तो पडद्याची खालची बाजू ठरवतो. पडदा उभा असेल तर त्याचे बरोबर येते. सपाट ठेवला की ओढ पाठीतून सरळ खाली जाते आणि चारी कडा त्याला सारख्याच. मग किंचित कलताच तो भलताच निकाल देऊ शकतो. वाचणारा कोणत्या बाजूला बसला आहे, हे त्या बिचाऱ्याला कळतच नाही.

यावर कारागिरांनी उपाय केले. काही यंत्रांत दुसरा मापक कळफलकाच्या बाजूला बसवतात. दोन्ही ताडून बिजागरीचा कोन काढतात. पण खरा प्रश्न कुलपाचा आहे. विंडोज 10 मध्ये विंडोजची कळ आणि 'ओ' एकत्र दाबली की फिरणे थांबवता येते. परंतु यंत्राची पाटी केली की कळफलकच बंद पडतो! कुलूप हवे तेव्हाच किल्ली पाठीमागे. मग बोटाने पडद्यावर चिन्ह शोधत बसायचे.

2010 साली आयपॅड आला, तेव्हा त्याच्या कडेला फिरणे थांबवणारा खटका होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने तोच खटका आवाज बंद करण्यास लावला. लोकांनी कुरकुर केली. 2011 च्या मार्चमध्ये खटक्याचे काम निवडण्याची मुभा मिळाली. 2018 च्या अँड्रॉइड 9 ने आणखी शहाणपणा केला. कुलूप असताना फोन आडवा धरला, तर कोपऱ्यात लहानसे चिन्ह उमटते. दाबले तरच पडदा फिरतो. यंत्राने विचारावे, माणसाने ठरवावे, ही रीत आम्हांला पसंत आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीनच. खटका कडेवर असावा, अंधारातही बोटाला लागेल असा. यंत्र सपाट असताना पडदा आहे तसाच राहावा. आणि एकदा लावलेले कुलूप, यंत्र कसेही दुमडले तरी, माणूस काढील तेव्हाच निघावे.

त्या दिवशी आम्ही चिन्ह शोधून पडदा कुलूपबंद केला. त्या कामगाराने मसुदा शेवटपर्यंत वाचला, रजेच्या कलमातला एक शब्द बदलून घेतला, आणि मगच सही केली.