तरुण वयातील हट्टी रक्तदाब
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य-व्याख्यानाचा गोषवारा)



रक्तदाब हा चाळिशीनंतरचा सोबती, अशी आपली समजूत आहे. बहुतेकांच्या बाबतीत त्यामागे एकच एक कारण सापडत नाही. औषधांनी तो आटोक्यात राहतो. परंतु तिशीच्या आतच तो वाढला आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही १४०/९० च्या खाली येईना, तर चौथी गोळी लिहिण्यापूर्वी कारण शोधणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बावीस वर्षांची एक मुलगी डोकेदुखीसाठी माझ्याकडे येत असे. मी दर वेळी डाव्या दंडावर रक्तदाब मोजी. तो ११०/७० भरे आणि मी तिला निश्चिंत करून पाठवी. एकदा तो हात भाजलेला असल्याने उजव्या दंडावर मोजला, तो १९०/११० निघाला! डाव्या मनगटाची नाडी जेमतेम लागत होती.

हा ताकायासूचा विकार. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांत झालेले बदल मांडले. त्यावरून हे नाव पडले. यात महाधमनी व तिच्या शाखांना सूज येऊन त्या अरुंद होतात. हाताची धमनी अरुंद झाली की त्या हातावरचा आकडा फसवा येतो. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली की त्याला रक्त कमी पोहोचते. ते रेनिन स्रवते आणि साऱ्या शरीराचा दाब चढतो. येथे आधी सूज शमवावी लागते, मग गरजेनुसार धमनी रुंद केली जाते.

अशीच आणखी दोन कारणे आहेत. एकात सूज नसते, धमनीच्या भिंतीची घडणच सदोष असते. तपासणीच्या चित्रात ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. हा दोष स्त्रियांत अधिक आढळतो आणि फुग्याने धमनी रुंद केल्यावर अनेकींचा दाब उतरतो. दुसऱ्यात महाधमनीच जन्मतः एके ठिकाणी आकसलेली असते. हातांत दाब अधिक, पायांत कमी आणि जांघेतील नाडी क्षीण, ही तिची खूण. त्यावर शस्त्रक्रिया अथवा स्टेंटचा उपाय आहे.

त्या मुलीचे निदान काही महिने लांबले, ते केवळ मी दुसरा हात न पाहिल्यामुळे. म्हणून माझी विनंती एवढीच : घरातील तरुणाचा रक्तदाब वाढलेला आढळला, तर दोन्ही दंडांवर आणि एकदा पायावरही तो मोजण्यास डॉक्टरांना अवश्य सांगा. यास पाच मिनिटे लागतात. त्यातून एखाद्याचे मूत्रपिंड, मेंदू वा हृदय वाचू शकते.