गुण कमी आले, म्हणून दोरी सोडवायची का?



तालुक्याच्या मल्लखांब स्पर्धा झाल्या आणि आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते राहिले बाजूला, मुलींच्या गुणांवरच बोलणं सुरू झालं. "वर्षभर पाठवली, नंबर काही आला नाही. आता आठवीत गेली, बंदच करू," असं दोघी-तिघी म्हणाल्या. म्हणून आज याच विषयावर बोलणार आहोत.

पंच बघतात ते मुलगी दोरीवर असते तेवढ्याच वेळाचं. प्रकार किती अवघड, किती सफाईने केला, पाय सुटला का. ते त्यांचं काम, आणि त्यावर आमची तक्रार नाही. पण दोरीच्या मल्लखांबात दोरीला गाठ मारायची नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरून चढायचं, अढी घालायची, वर पद्मासन लावायचं. सुरुवातीला बेचकं सोलवटतं, तळहात पोळल्यासारखे होतात. जूनमध्ये दोन हात चढून घसरणारी पोर आज वरपर्यंत जाते आणि सावकाश, न घाबरता उतरते. हे कुठल्या कागदावर येतं?

आम्ही आणखी बघतो. पडल्यावर पुन्हा चढते का? धाकट्या मुलीला आधार देते का? दुखलं तर सरांना सांगते का, की लपवते? हा शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो.

आणि आठवीचं वय! उंची झपाट्याने वाढते, पाळी सुरू होते, अंगाचा तोल बदलतो. काल जमलेलं काही महिने जमत नाही. गुण नेमके तेव्हाच घसरतात. त्याला आळस म्हणू नका. वजन कमी व्हावं म्हणून तिची भाकरी तर मुळीच कमी करू नका. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

त्रिपुराची दीपा कर्माकर आठवते? लहानपणी तिचे तळवे सपाट होते. जिम्नॅस्टिक्समध्ये ही मोठीच अडचण. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात ती चौथी आली, पदक ०.१५ गुणांनी हुकलं. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. २०२४ मध्ये ताश्कंदला, वयाच्या तिशीत, तिने त्याच प्रकारात आशियाई सुवर्णपदक घेतलं. प्रत्येक मुलगी दीपा होणार नाही, व्हायलाही नको. पण चौथी आली म्हणून तिला कुणी घरी बसवलं नाही.

आपल्या गटाची प्रतवारी होते तेव्हा नुसती शिल्लक बघतात का? बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, दप्तर, पाचही बघतात. लेकीच्या वेळी मात्र आपण एकाच आकड्यावर येतो.

आम्ही असं ठरवलंय, की महिन्यातून एकदा आईने मैदानावर जायचं आणि नवं काय जमलं, काय दुखतंय, मजा येते का, हे मुलीलाच विचारून वहीत लिहायचं. बंद करायचं की नाही, ते ती वही बघून आणि मुलीशी बोलून ठरेल. पुढच्या बैठकीला वह्या आणा. आणि हो, राहिलेले हप्तेही.