अकरा की तेरा?

(वन्यजीव सप्ताहानिमित्त सेमाडोह येथे दिलेले व्याख्यान)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘वन्यप्राण्यांची सुटका’. मी बोलणार आहे बंदुकीच्या नळीवर. आयोजकांना हे कालच सांगितलंय, तेव्हा त्यांनी आता माझ्याकडे असं पाहू नये.

डार्ट कसा चालतो हे इथल्या वनरक्षकांना मी काय सांगावं? मागे दाबलेली हवा, पुढे औषध, सुईच्या बाजूच्या भोकावर सिलिकॉनची बाही. सुई कातडीत शिरली की बाही मागे सरते आणि औषध आत जातं. झालं. डेन्मार्कची, गॅसवर चालणारी डॅन-इंजेक्ट बंदूक तुमच्यातल्या काहींनी हाताळली असेल. तिला ११ मिलिमीटरची नळी बसते, तशीच १३ ची. बंदूक तीच, दाबाचा काटा तोच. मग लावायची कोणती?

लोक जनावर बघून ठरवतात. बिबट असला तर अकरा, वाघ असला तर तेरा. मी म्हणतो, जनावराचं वजन धराच, पण नळीला हात लावण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचा. केटामीन मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमचं मिळतं, १०० चंही मिळतं. समजा २०० मिलिग्रॅम द्यायचंय. एका बाटलीतून ४ मिलिलिटर काढावं लागेल, दुसरीतून २. झायलाझीनचंही तसंच, २ टक्क्यांचं आणि १० टक्क्यांचं. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयातल्या लोकांनी तर झायलाझीनची कोरडी भुकटीच केटामीनमध्ये विरघळवली आणि दोन्ही औषधं थोडक्यात बसवली. ३ मिलिलिटरमध्ये काम भागलं की अकरा पुरे. नाही भागलं की डार्ट जाड, वजन जास्त, तेवढ्याच अंतराला दाब जास्त, आणि मार खाते ती मांडी.

अचलपूर तालुक्यातली एक गोष्ट सांगतो, थोडक्यात. (हशा.) बरं, थोडक्यात नाही. बिबट शेळ्यांच्या कोठ्यात शिरलेला. अर्धं गाव टिनांवर चढलेलं, टिनं धडधडतायत, आत तो गुरगुरतोय. एक पुढारी मला म्हणाले, “डॉक्टर, मोठी नळी लावा ना, पैसे काय तुमच्या खिशातले हायेत?” अंतर जेमतेम सहा-सात मीटर. एवढ्या जवळून जाड डार्ट हाडापर्यंत जातो, हे टिनावरच्या माणसांना कसं सांगणार? तेवढ्यात कोठ्याची मालकीण पुढं आली. “डॉक्टरसाहेब, थो झोपला तं माह्या बकऱ्या बाहेर येतीन ना?” आत शेळ्या जिवंत आहेत, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं! दोन शेळ्या कोपऱ्यात चिकटून उभ्या होत्या. अकराची नळी, कमीत कमी दाब. बिबट झोपला. त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधेस्तोवर मावशी आत शिरून शेळ्या घेऊन बाहेरही आल्या. पत्रिकेवरची सुटका ती हीच असावी.

(सभागृहातून : “मंग अवनीले काहून मारलं?”)

प्रश्न वाजवी आहे भाऊ. २ नोव्हेंबर २०१८, रात्रीची वेळ, बोराटीचं शिवार. वाघीण गोळीनं गेली. अंगात डार्टही सापडला आणि तो केव्हा, कसा लागला यावरच वाद पेटला. तिथं ना बाटलीचा प्रश्न होता, ना नळीचा. मी तिथं नव्हतो, माझ्याकडे असं रोखून बघू नका. रात्री डार्ट मारू नये एवढं माझं मत आहे, लिहून घ्या.

आपल्या मेळघाटाचं बोला. २०१९ मध्ये ब्रह्मपुरीकडची ई-१ वाघीण इथं आणून सोडली. माणसांवर हल्ले झाले, तेव्हा तिला पुन्हा बेशुद्ध करून गोरेवाड्याला न्यावं लागलं. अशा जनावराच्या नशिबी पुन्हापुन्हा डार्ट येतो, आणि दरवेळी मांड्या त्याच असतात. म्हणून माझा हा हट्ट.

चिठ्ठी आली. दोन मिनिटं. गव्याचं तर राहिलंच! तिथं माझा हट्ट चालत नाही. जाड कातडं, मोठं धूड, साधी औषधं असतील तर तेराच लावा आणि सुई लांब घ्या. एटॉर्फिन असेल तर थेंबाथेंबावर भागतं, पण ते माणसाच्या अंगात गेलं तर माणूस जातो. उतारा हाताशी ठेवल्याशिवाय ती बाटली उघडायची नाही. यावर खरं तर अर्धा तास हवा होता.

परिक्षेत्र अधिकारी साहेब, यंदाच्या मागणीपत्रात तेराची दुसरी नळी लिहिलीय म्हणे. ती खोडा आणि तिथं १०० मिलिग्रॅमचं केटामीन लिहा. ते अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, कुलूप लागतं, नोंदवही वाढते, सगळं मान्य. पण एक नळी तुमच्याकडे आहे ना? मग दुसरी कशाला?