मुरूम दिसतो त्याच्या आधी



मुरूम म्हणजे काय, हे ज्यांना झालेत त्यांना मी सांगायला नको, आणि ज्यांना झाले नाहीत ते आत्ता रेडिओचा आवाज कमी करून चहा ठेवायला गेले असतील. त्यांनीही ऐकावं, कारण घरात भाची असते, मुलगा असतो. मिळालेल्या दहा मिनिटांत मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती पुन्हापुन्हा सांगणार आहे. दवाखान्यात मी रोज सांगते आणि नेमकी तीच ऐकली जात नाही. मुरुमाचं औषध हे आज गालावर दिसणाऱ्या मुरुमासाठी नसतं. अजून न दिसलेल्या मुरुमासाठी असतं. म्हणून ते सगळ्या चेहऱ्याला लावायचं, आणि निदान बारा आठवडे लावायचं.

हे सांगितलं की समोरची मुलगी कपाळावर बोट ठेवून विचारते, "मॅडम, पण इथे तर काहीच नाही. इथे कशाला लावू?"

आता असं बघा. घरात वर्षाचा गहू भरून ठेवलाय. पावसाळ्यात एक दिवस कोठी उघडली आणि वर दोन-चार सोंडकिडे फिरताना दिसले. तुमची आई काय करते? ते दोन-चार किडे चिमटीत धरून टाकते आणि झाकण लावते? मुळीच नाही. तिला ठाऊक असतं, की आज दाण्याबाहेर आलेल्या किड्याचं अंडं महिनाभरापूर्वीच दाण्याच्या पोटात घातलं गेलं होतं. वरून दाणा टपोरा, सोनेरी. आत अळी वाढत असते. म्हणून ती सगळी कोठी उपसते, गहू चादरीवर पसरते, ऊन देते, चाळते, पाखडते. परत भरताना कडुनिंबाचा वाळलेला पाला तळापासून वरपर्यंत थराथरात घालते. किडा दिसला त्या एका कोपऱ्यात पाला ठेवून ती थांबत नाही. आणि महिन्यानं पुन्हा झाकण उघडून बघते.

हे ऐकून कडुनिंबाचा पाला वाटून तोंडाला फासू नका. मी गव्हाबद्दल बोलते आहे.

चेहऱ्यावर घडतं ते असं. प्रत्येक रोमछिद्राला जोडून एक तेलग्रंथी असते. वयात येताना ॲन्ड्रोजेन ही संप्रेरकं वाढली की ती जास्त तेल सोडू लागते. त्याच सुमारास छिद्राच्या आतल्या मृत पेशी सुटून बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तिथं बूच बसतं. हे पहिलं बूच डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. त्याचं पांढरं किंवा काळं टोक व्हायला, मग आत जंतू वाढून लाल, दुखरी गाठ यायला सहा-आठ आठवडेसुद्धा लागतात. दिवाळीच्या फोटोत दिसणारा मुरूम गणपती विसर्जनाच्या सुमारास आत बसलेला असू शकतो. मग दिवाळीच्या आदल्या रात्री त्याच्यावर टूथपेस्ट थापून काय होणार? कातडी भाजते, एवढंच होतं. लिंबाचं तेच आणि खाण्याच्या सोड्याचंही तेच. आणि त्या काळ्या टोकाचा रंग मळाचा नसतो, म्हणून ते घासून जात नाही. स्क्रबनं खसाखसा घासणारी मुलं मुरूम आणखी चिडवतात. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, साधं पाणी, मऊ पंचानं टिपणं. यापुढे धुण्यात काही राम नाही.

बूच बसूच न देणारी औषधं आपल्याकडे आहेत आणि ती महागही नाहीत. अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के हे जेल घ्या. रात्री, कोरड्या चेहऱ्याला, वाटाण्याच्या दाण्याएवढं, तेवढंच सगळ्या तोंडाला पुरवायचं. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या बाजू सोडायच्या. सुरुवातीला एक दिवसाआड. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असेल तर अडीच टक्क्यांचं पुष्कळ होतं. दहा टक्क्यांच्या ट्यूबनं गुण जास्त येत नाही, जळजळ मात्र जास्त होते. उशीचा अभ्रा पांढरा घाला, ते औषध रंगीत कापडाचा रंग उडवतं. ही दोन्ही औषधं डॉक्टरांना विचारून घ्या. आणि गरोदर असाल किंवा दिवस राहावेत असा विचार असेल, तर अ‍ॅडापॅलीन नको. पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांबद्दल तर कडक नियम आहे. गर्भाला त्यांनी गंभीर व्यंग येतं, म्हणून मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातली एकही गोळी घ्यायची नाही.

आता तिसरा आठवडा. माझा सगळा जीव या तिसऱ्या आठवड्यात अडकलेला असतो. औषधानं चेहरा कोरडा पडतो, थोडी सालं निघतात, आणि कित्येकदा मुरूम वाढल्यासारखे वाटतात. ते नवे नसतात. आत बसलेले भराभर वर येत असतात. कोठी उपसून गहू चादरीवर पसरला की किडे आधीपेक्षा जास्तच दिसतात. म्हणून कोणी घाबरून तो तसाच परत कोठीत ओततं का? पण मुलं नेमक्या याच आठवड्यात ट्यूब फेकून देतात आणि "सूट झालं नाही" म्हणतात. बाळांनो, सालं निघाली तर मॉइश्चरायझर लावा, दोन रात्री औषध थांबवा आणि पुन्हा सुरू करा. चेहरा फारच लाल झाला, सुजला, तर मला येऊन दाखवा. पण फेकू नका.

कारण फेकल्यावर पुढचं पाऊल कुठं पडतं, ते मी बघते. गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलमध्ये. "मुरुमावर काहीतरी चांगलं द्या," म्हटलं की एक छोटी ट्यूब हातात येते. चार दिवसांत लाली उतरते, आठ दिवसांत रंगही उजळल्यासारखा वाटतो. सगळ्या वाड्यात तिचं नाव होतं. एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. थोरलीच्या लग्नात धाकटीनं अशी ट्यूब लावायला सुरुवात केली, ती पुढं सुटलीच नाही. पोरीचे गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा दिसत होत्या, हनुवटीवर लव वाढलेली. ट्यूब एक दिवस चुकली की सगळं तोंड पुवाच्या फोडांनी भरून येई. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं.

लेबलवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. पुन्हा सांगते, कुणी कागद-पेन्सिल शोधत असेल: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. यातलं एखादं नाव असेल तर ते मलम मुरुमासाठी नाही आणि गोरं होण्यासाठी तर मुळीच नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, असा कायदा आहे. तरीही ती मिळतात, कारण आपण मागतो. आणि आयांनो, तुमच्यावर मी रागावणार आहे. मुलीचा चेहरा स्वच्छ असावा, ही इच्छा बरोबर आहे. पण तो गोरा असावा म्हणून तुम्हीच ट्यूब आणून देता, तेव्हा मला फार वाईट वाटतं. कुणी महिनोन्महिने लावत असेल तर एकदम बंद करून घरी बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. सुटते, पण सांभाळून सोडवावी लागते.

मुरूम फोडू नका, हे तर सगळेच सांगतात. का, ते सांगते. बाहेर जेवढं येतं, तेवढंच कधी कधी आत फुटतं आणि सूज खोल जाते. आपल्या सावळ्या कातडीवर त्याचा काळा डाग महिनोन्महिने राहतो, आणि खड्डा पडला तर तो आपणहून भरत नाही. "लग्न झालं की जातील," असं म्हणत वाट बघणाऱ्या घरांतून मी असेच खड्डे बघते. मुरूम वयाबरोबर जातीलही, खड्डे राहतात. आणि डाग काळे पडू नयेत म्हणून दिवसा सनस्क्रीन लावा, तेलकट नसलेलं, जेलचं.

घरातल्या सवयींबद्दल भराभर सांगते. डोक्याला तेल लावून रात्रभर तसंच झोपलं की कपाळावर बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. तेल न्हाण्याआधी तास-दोन तास लावा, केस मागे बांधा, कपाळ पुसा. दुचाकीवर तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ आणि हेल्मेटचा पट्टा यांनी घाम कोंडतो, घर्षण होतं; स्कार्फ रोज धुतलेला हवा. जिमला जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीनची पावडर सुरू केल्यावर मुरूम वाढलेत का, हे बघावं. भज्यांना उगाच दोष देतात. जास्त संशय आहे तो साखर, मैदा, गोड पेयं यांच्यावर.

पंचविशी-तिशीतल्या बायकांना हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं मुरूम येतात आणि पाळी दोन-दोन महिने लांबते, त्यांचं वेगळं असतं. त्यांच्यात बीजकोषांचा विकार, पीसीओएस, शोधावा लागतो. त्यावर बोलायला वेगळा कार्यक्रम हवा. आज एवढंच करा, की त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पाळीबद्दल तुम्हीच सांगा.

काचेपलीकडून मला बोटानं एक मिनिट दाखवताहेत, तेव्हा पुन्हा तेच. औषध न दिसलेल्या मुरुमासाठी आहे. जिथं काही नाही, तिथंही लावा. नुसतं मुरुमावर टिकली लावल्यासारखं लावू नका. बारा आठवडे. चेहरा साफ झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा, कारण बुचं बसणं साफ चेहऱ्याखालीही चालू असतं.

आणि माझ्याकडे लग्नाआधी पंधरा दिवस येणाऱ्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवते. तुळशीचं लग्न झालं की तुमचे मुहूर्त सुरू होतात. मार्गशीर्षातला मुहूर्त असेल तर गणपती बसतात त्या आठवड्यात दवाखान्यात या. तेव्हा गर्दीही कमी असते, आणि आपल्या हातात पुरते तीन महिने असतात.