बांधीतल्या बायांचा इतिहास



मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला इतिहास शिकवते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली एखादी मुलगी दरवर्षी विचारते, ‘मॅडम, पुढे स्त्रियांचा इतिहास शिकता येतो का? परदेशातही शिकवतात म्हणे, खरे का?’ आणि तिच्यासोबत आलेले वडील हळूच विचारतात, ‘बायांचा कायचा इतिहास जी?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी वडिलांचा घेते.

आमचा भाग धानाचा आणि तलावांचा. नवेगावबांधच्या तलावाची गोष्ट निघाली की कोलू पाटलाचे नाव निघतेच. मालगुजार, त्यांची गावे, शेतसारा यांची दप्तरे आहेत. पण आषाढात बांधीच्या चिखलात वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बायांचे काय? त्यांना मजुरी किती मिळे? रोख मिळे की धानात? तान्हे मूल बांधावर कोणाच्या भरवशावर ठेवत? रोवणीची गाणी कोणी जुळवली? तेंदूपत्ता तोडायचा बाईने, पण मोजणीनंतरचे पैसे कोणाच्या हातात पडत? दप्तरात याची उत्तरे क्वचितच सापडतात. ती आजीलाच विचारावी लागतात. हे विचारणे, पडताळणे आणि लिहून ठेवणे म्हणजे स्त्रियांचा इतिहास.

मग त्यासाठी परदेश कशाला? एक उदाहरण देते. इटलीच्या उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात, व्हर्चेल्ली आणि नोव्हारा भागात, मोठी भातशेती आहे. तिथे हंगामात हजारो बाया लांबून येत आणि पाण्यात उभ्या राहून तण काढत. त्यांना ‘मोंदीने’ म्हणत. दिवसाचे काम आठ तासांचेच असावे यासाठी त्यांनी लढा दिला. १९०६ साली व्हर्चेल्लीत त्यासाठी संप झाला. काम करताना त्या गात. पुढे अभ्यासकांनी म्हाताऱ्या झालेल्या या बायांकडून गाणी आणि आठवणी मुद्रित करून घेतल्या. आज तिथल्या कामगारांचा इतिहास त्यांच्यावाचून लिहिता येत नाही.

आमच्याकडच्या मुलीने हे वाचले की तिला आपोआप सुचते, आमच्या बायांनी कधी मजुरी वाढवून मागितली होती का? कोण पुढे झाली होती? दुसऱ्या देशाचा इतिहास शिकण्याचा खरा फायदा हाच. आपल्या गावाला कोणते प्रश्न विचारायचे, ते कळते.

विदर्भाचा अनुभवही हेच सांगतो. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली छापले गेले आणि मग जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रकाशित केले. रोझलिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ साली आला आणि बुलडाण्याची ही बाई परदेशातल्या विद्यापीठांत पोचली. मधली नव्वदेक वर्षे ती कुठे होती? पुस्तक होते, ते शोधणारे डोळे नव्हते.

नागपूरला २० जुलै १९४२ रोजी दलित महिलांची मोठी परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी अशा चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी जाऊन भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. त्यांनी आणखी दहा-पंधरा वर्षे वाट पाहिली असती, तर त्यातल्या कितीजणी सांगायला उरल्या असत्या?

आता मुलीच्या प्रश्नाकडे. देशातच शिकायचे तर सोय आहे. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात १९७४ पासून स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र आहे. पुण्याच्या विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे, शर्मिला रेगे तिथल्याच. युरोपात अनेक विद्यापीठांनी मिळून अभ्यासक्रम काढले. ‘जेम्मा’ २००६ साली सुरू झाला. त्याचे मुख्य केंद्र स्पेनमधले ग्रानाडा, आणि इटलीतले बोलोन्या हे एक भागीदार. २००८ च्या सुमारास खास स्त्रियांच्या आणि लिंगभावाच्या इतिहासाचा ‘माटिल्डा’ निघाला. व्हिएन्ना, लियॉं, सोफिया, बुडापेस्ट, नॉटिंगहॅम ही त्यातली सुरुवातीची विद्यापीठे. दोन वर्षांचे शिक्षण, त्यातला काही काळ दुसऱ्या देशात. म्हणजे एकाच विषयाकडे दोन ठिकाणांहून पाहायचे.

खर्चाचे काय? युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत २०२१ ते २०२७ या काळासाठी दरमहा १,४०० युरो ठरवले आहेत आणि शुल्कही माफ होते. कोणत्या वर्षी कोणत्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे, ते अर्जाआधी नीट पाहावे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जागा मोजक्या असतात, म्हणून कागदपत्रे वर्षभर आधी जमवायला घ्यावीत.

एक अडचण मात्र स्पष्ट सांगायला हवी. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ मधल्या नियमांत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. या विषयांची साधने आणि जाणकार देशातच आहेत, असे कारण दिले गेले. म्हणजे अर्जुनीची दलित किंवा भूमिहीन घरातली मुलगी या पैशावर दुसऱ्या देशाचा इतिहास शिकू शकेल, आपल्या आजीचा नाही. साधने इथे आहेत हे खरेच. पण ती कशी वाचावी, हे शिकायला कुठे जायचे, ते तिने ठरवावे. हा विषय इतरत्रही सुखाने नांदतो असे नाही. हंगेरीने २०१८ साली लिंगभाव अभ्यासाची पदव्युत्तर मान्यताच काढून घेतली आणि बुडापेस्टच्या मध्य युरोपीय विद्यापीठाने पुढच्या वर्षी व्हिएन्नाची वाट धरली.

तरीही वाट आहे. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक पुण्यात शिकल्या, इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात २००७ साली त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्या. दलित स्त्रियांचे शिक्षण आणि तमाशातल्या स्त्रियांचे जगणे हे त्यांचे विषय. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. विषय आपल्या मातीतला, अभ्यासाची शिस्त मात्र अनेक ठिकाणी मिळवलेली. आमच्या गाडीमार्गावर पुढे वडसा आहे, झाडीपट्टी नाटकांचे माहेरघर. त्या रंगमंचावर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बाया कोण, कोणत्या घरच्या, त्यांना घरी काय ऐकावे लागले? हा विषय कुणीतरी घेण्याची वाट पाहतो आहे.

मुलींनो, परदेशाचे पत्र येईल तेव्हा येईल. तोवर इंग्रजी पक्के करा. आणि या दिवाळीत मंडईला गावी गेलात, तर आजीजवळ बसा. मोबाइलवर तिचा आवाज मुद्रित करा. तारीख, गाव आणि तिचे माहेरचे नाव लिहून ठेवा, कारण बाईच्या कागदावरून आधी तेच पुसले जाते. तिची परवानगी घ्या आणि मध्ये बोलू नका. रोवणी आता यंत्रानेही होऊ लागली आहे. गाणी पाठ असलेल्या बाया थकल्या आहेत. वडिलांनाही शेजारी बसवा. आपल्या आईची हकीकत ऐकली, की त्यांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी सांगावे लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)