घड्याळ हाताला बसलं पाहिजे
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलंय की प्रत्येकानं आपल्या व्यवसायातलं काहीतरी दहा मिनिटांत सांगायचं. सकाळपासून डॉक्टरांनी आपल्याला रक्तदाब सांगितला, बँकवाल्यांनी निवृत्तीनंतरचे पैसे सांगितले. मी घड्याळजी. बाजारपेठेतलं वडिलांचं दुकान चालवतो. तेव्हा घड्याळाबद्दलच बोलतो. पण वेळेचं महत्त्व वगैरे सांगणार नाही. ते आपल्याला प्रार्थनेला उशीर झाल्यावर पुरेसं शिकवून झालंय. मी बोलणार आहे ते घड्याळ हाताला कसं बसतं याबद्दल. आणि शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

मनगटी घड्याळाचा इतिहास बघा. सॅन्तोस-द्युमाँ नावाचे ब्राझिलचे वैमानिक पॅरिसमध्ये वायुनौका उडवत. दोन्ही हात यंत्रावर असताना खिशातलं घड्याळ काढायचं कसं? ही अडचण ऐकून त्यांचे मित्र लुई कार्तिए यांनी 1904 मध्ये त्यांच्यासाठी पट्ट्यानं मनगटावर बांधायचं घड्याळ केलं. बायका त्याआधीही दागिना म्हणून हातात घड्याळ घालत, पण पुरुषांच्या हातावर ते आलं ते सोयीसाठी. आज लाखो रुपयांची घड्याळं विकली जातात, आणि ही सोयच आधी विसरली जाते.

दुकानात येणारा माणूस विचारतो, "केवढ्याचं आहे?" फार तर, "डायल किती मोठी?" खरा प्रश्न वेगळा आहे. पट्टा जिथे अडकवतात ती वरची-खालची टोकं असतात ना, आम्ही त्यांना लग म्हणतो. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत घड्याळ किती लांब आहे, हे बघायचं. ती लांबी मनगटाच्या वरच्या सपाट भागात मावली पाहिजे. टोकं बाहेर गेली की पट्टा कातडीला चिकटत नाही, हवेत राहतो, आणि घड्याळ दिवसभर डुलतं. एकाच व्यासाची दोन घड्याळं, एक घट्ट बसतं आणि एक नाही, त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट वजनाची. पोलाद पाण्याच्या जवळपास आठपट जड, टायटॅनियम साडेचारपट, अठरा कॅरेट सोनं पंधरापटीहून जास्त. म्हणून सोन्याचं घड्याळ हातात घेतलं की खरेपणा वाटतो आणि संध्याकाळी खांदा दुखतो. पण नुसतं वजन वाईट नसतं. धातूची साखळी असेल तर वजन मनगटाभोवती वाटलं जातं. वर जड डबी आणि खाली पातळ चामड्याचा पट्टा असेल, तर घड्याळ घसरून बाजूला कलंडतं आणि तुम्ही दिवसभर ते वर ओढत बसता.

तिसरी गोष्ट, मनगट सकाळी आणि दुपारी सारखं नसतं. उन्हात, चालल्यावर, प्रवासात ते फुगतं. आपल्याकडचा मे महिना तर विचारूच नका. मोठ्या कंपन्यांनी याचा विचार केलाय. रोलेक्सच्या सबमरीनर घड्याळाची कडी दोन-दोन मिलिमीटरनं सैल करता येते, हत्याराशिवाय. त्यांच्याच इतर काही घड्याळांत एक जोड उघडला की साखळी पाच मिलिमीटर वाढते. अपोलोच्या अंतराळवीरांना तर अवकाशपोशाखावरून घड्याळ बांधायचं होतं. त्यांच्या ओमेगा स्पीडमास्टरला वेल्क्रोचा लांब पट्टा लावला. चंद्रावर जाणारं घड्याळसुद्धा आधी हाताला बसवावं लागलं.

आणि चौथी, चावी. जाड घड्याळाची चावी हात मागे वाकवला की तळहाताच्या पाठीत रुतते. वही टेकवून लिहिणाऱ्याला, फळ्यासमोर डाव्या हातात पुस्तक धरणाऱ्याला ती दिवसातून शंभरदा टोचते.

आता कबुली.

2006 साली आपल्या बॅचचा रौप्यमहोत्सव झाला. आपण सर्वांनी वर्गणी काढून भूमितीच्या सरांना घड्याळ द्यायचं ठरवलं. सरांच्या हातात आपण शाळेत होतो तेव्हापासून एकच घड्याळ, चावीचं एचएमटी, जेमतेम 35 मिलिमीटरचं. आता चांगलं स्विस देऊ, असं सगळ्यांचं मत. निवड माझ्यावर सोपवली, कारण घड्याळातलं मला कळतं. त्या काळात मोठ्या घड्याळांची फॅशन होती. मी एका नावाजलेल्या कंपनीचं 44 मिलिमीटरचं निवडलं, चामड्याचा पट्टा असलेलं. व्यासपीठावरून दिसलं पाहिजे, हा हिशेब. सरांच्या हातात बांधलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. तो फोटो जुन्या स्मरणिकेत आहे. घरी गेल्यावर नीट बघा, घड्याळाची दोन्ही टोकं सरांच्या मनगटाबाहेर आहेत.

सर गेले त्यानंतर काही महिन्यांनी त्यांची मुलगी दुकानात आली. एका रुमालात दोन्ही घड्याळं होती. म्हणाली, "दादा, बाबा हे मोठं घड्याळ पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला घालायचे. घरी आले की लगेच काढून ठेवायचे. म्हणायचे, पोरांनी फार मायेनं दिलंय, पण हात जड होतो. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले होते."

मी पट्टा हातात घेतला. कंपनीच्या शेवटच्या भोकाच्या पुढे आणखी एक भोक होतं. पंचानं पाडलेलं नव्हतं, जरा वाकडं, कर्कटकाच्या टोकानं पाडलेलं. ज्या कर्कटकानं आपल्याला वर्तुळं शिकवली, त्याच कर्कटकानं सरांनी आपली भेट हाताला बसवायचा प्रयत्न केला होता. माझं दुकान त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर. माझ्याकडे आले असते तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मला वाईट वाटेल म्हणून आले नाहीत.

त्या संध्याकाळी मी त्या भोकापर्यंत पट्टा लावून घेर मोजला. साडेपंधरा सेंटिमीटर. एवढ्या मनगटाचा सपाट भाग पाच सेंटिमीटरच्या आसपास भरतो. घड्याळाची लांबी भरली 53 मिलिमीटर. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास; एचएमटी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. उत्तरपत्रिकेत माप लिहिलं नाही म्हणून सर अर्धा गुण कापायचे. माझं तर सगळं उत्तरच चुकलं होतं. रोज गिऱ्हाइकाचं मनगट मोजणारा मी, सरांचं मनगट मात्र मोजलं नाही. ज्यांच्यासाठी घेतलं त्यांच्याकडे न बघता मी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघून घेतलं.

तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. मोठं घड्याळ आता सरांचा नातू वापरतो. त्याचं मनगट रुंद आहे, त्याला ते छान बसतं. पट्टा नवा घातला, जुना मी त्यांच्या मुलीकडे परत दिला. एचएमटी साफ करून, तेल घालून दिलं; ते ती स्वतः घालते.

याही मेळाव्यासाठी भेटीची वर्गणी जमली आहे असं कानावर आलंय. माझी विनंती एवढीच, देण्याआधी सरांना, बाईंना विचारा, आणि नुसतं विचारू नका, बघाही. कारण विचारलं तर ते "छान आहे" असंच म्हणणार.

आणि घड्याळ घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. दुपारनंतर घ्यायला जा, मनगट फुगलेलं असताना. हातात घालून किमान पंधरा मिनिटं दुकानात फिरा. मूठ आवळा, हात मागे वाकवा, शर्टाची बाही खाली ओढून बघा. पट्ट्याखाली करंगळीचं टोक सरकलं पाहिजे. साखळीची कडी मनगटाच्या खाली मधोमध आली पाहिजे. येत नसेल तर दोन्ही बाजूंच्या कड्या कमीजास्त करून घ्या.

मी आज पिना, कड्या आणि भोकं पाडायचा पंच बरोबर आणलाय. जेवणानंतर सातवी अ च्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बसतो. ज्यांचं घड्याळ टोचतं, घसरतं, कपाटात पडून आहे, त्यांनी घेऊन यावं. सर, बाई, तुम्ही आधी या. आणि मला वाईट वाटेल याचा विचार करू नका.