शिक्षणाचा खर्च कोणत्या खात्यात?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही अर्थशास्त्रज्ञ नव्हे, बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत केस पिकविलेले गृहस्थ. तेव्हा राष्ट्राचा विकास आणि शिक्षणावरील सरकारी खर्च या विषयाकडे आम्ही हिशेबाच्याच नजरेने पाहणार. सरकारी जमाखर्चात शाळेची इमारत भांडवली खर्चात पडते आणि तीत शिकविणाऱ्या गुरुजींचे वेतन महसुली खर्चात. भिंत ही संपत्ती, विद्या हा चालू खर्च! नियमाप्रमाणे हे बिनचूकच आहे. परंतु काटकसरीचे दिवस आले की गुरुजींची रिकामी जागा तशीच राहते.

नामदार गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते कोणावर सक्ती लादीत नव्हते. स्थानिक संस्थांना सक्तीचा अधिकार तेवढा देत होते. पैसा कोठून आणावयाचा, ही एक मोठी हरकत निघाली आणि पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. सयाजीरावांनी मात्र १९०६ मध्येच संपूर्ण बडोदे संस्थानात शिक्षण सक्तीचे केले होते. बडोद्यास परवडले ते साम्राज्यास परवडू नये, हे नवलच!

आता आपल्या या म्हैसूर मुलखाचे उदाहरण घेऊ. विश्वेश्वरय्या म्हैसूर सरकारच्या विद्यार्थिवृत्तीवर पुण्यास स्थापत्यशास्त्र शिकले. पदवी घेतली ती १८८३ साली, आणि नोकरी धरली मुंबई सरकारची. म्हैसूरच्या खजिनदारास तेव्हा पैसा बुडालासा वाटला असेल. खडकवासल्याच्या धरणाला त्यांचे स्वयंचलित दरवाजे लाभले; फळ पुणेकरांना मिळाले. १९०९ साली ते म्हैसूरला परतले, १९१२ मध्ये दिवाण झाले, आणि त्यांच्या कारकीर्दीत १९१६ मध्ये विद्यापीठ व १९१७ मध्ये बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. व्याज आले, पण पाव शतकानंतर आणि वाट वाकडी करून.

खरी अडचण येथेच आहे. खर्च करणारा एक, लाभणारा दुसरा. या राजाजीनगरात बसलेल्या आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण कोल्हापूर-साताऱ्याच्या जिल्हा परिषदांनी केले. आपली कमाई आणि आपला कर मात्र इकडचा. साताऱ्याच्या हिशेबात आपण कोठेच नाही. म्हणूनच हा भार एकट्या जिल्ह्यावर वा राज्यावर टाकून चालत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांची शिफारस केली. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचेच. १९६८ च्या धोरणात सहा टक्के, २०२० च्या धोरणातही सहा टक्केच. तो पल्ला अद्याप गाठावयाचा आहे.

केवळ पैसा ओतल्याने कारखाने उगवतात, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. केरळने शाळा काढल्या, आणि दीर्घकाळ तेथील शिकलेले तरुण आखातात जात राहिले. शिकलेल्या हातांना काम लागतेच.

जाता जाता एक तक्रार. आपल्या मंडळाच्या ताळेबंदात गरजू विद्यार्थ्यांना दिलेली मदत ‘किरकोळ खर्च’ या सदरात दिसली. खजिनदारसाहेबांनी क्षमा करावी. पण पुढील वर्षी ती कोठे लिहिणार, एवढे कळावे.